दुसरा : आपोआप

१

ऑफिसात त्याला सगळे डबल म्हणत. खिशात दोन पेनं, बॅगेत दोन चार्जर, टेबलाच्या खणात चष्म्याची दुसरी जोडी, आणि छत्र्याही दोन ठिकाणी ठेवलेल्या. आंधळा मागतो एक डोळा नि देव देतो दोन, पण ह्या गड्याने देवाकडे तिसऱ्याचीही चौकशी केली असती, असं फोनकक्षातल्या मावशी म्हणायच्या. तो हसायचा. लोकांनी चेष्टा केली तरी बेहत्तर, पण ऐनवेळी पेन बंद पडायला नको, एवढीच त्याची अपेक्षा होती.

संस्थेचं काम तसं सरळ होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गळ्यात घालायला एक बटण दिलेलं असे. पडलं-झडलं, घाबरायला झालं, की बटण दाबायचं. तो इशारा ऑफिसातल्या सर्व्हरवर यायचा, सर्व्हर लगेच नातेवाइकाला फोन लावायचा आणि फोनकक्षातही घंटा वाजवायचा. हे सगळं सॉफ्टवेअर संस्थेच्या स्वतःच्या मशीनवर चालत होतं. म्हाताऱ्यांची दुखणीखुपणी परक्याच्या दारात नेऊन ठेवायची नाहीत, असा संचालकबाईंचा हट्ट होता, आणि डबलला तो मनापासून पटत होता.

पण मशीन एकच होतं. दुसऱ्यासाठी तो दोन वर्षं मागे लागला होता आणि दोन वर्षं बाई 'बघू' म्हणत होत्या. मग एका दुपारी ते एकुलतं एक मशीन आपलं आपणच बंद पडलं. नेमके तेव्हाच एक निवृत्त मास्तर न्हाणीघरात घसरले आणि पडल्या पडल्या बटण दाबत राहिले. इशारा कुठेच पोचला नाही. नळ का वाहतोय म्हणून शेजारीण डोकावली, म्हणून मास्तर वाचले. त्यानंतर बाईंनी एका शब्दाने दुसरं मशीन मंजूर केलं. डबलला मात्र मास्तरांचं ते दाबत राहणं डोक्यातून जाईना. आपण तेव्हा चहा पीत होतो, हे आठवून त्याला लाज वाटायची.

नवं मशीन तळघरात बसवायचं ठरलं. जुनं वरच्या मजल्यावर, फोनकक्षाच्या शेजारच्या खोलीत होतं. एकाच खोलीत दोन्ही ठेवली तर एकाच आगीत दोन्ही जायची. तळघरात जुन्या खुर्च्या होत्या, कागदाचे गठ्ठे होते, लिफ्टची मोटर होती आणि मोबाइलला रेंज मुळीच नव्हती. डबलला ती जागा आवडली. तिथे कोणी हाक मारत नसे.

"म्हणजे ही दोघं काम वाटून घेणार?" मावशींनी विचारलं. त्या फोनकक्षाच्या प्रमुख होत्या आणि ज्यातलं कळत नाही तेही विचारायला त्यांना संकोच नसे.

"नाही मावशी. काम वरचंच करणार. खालच्याने फक्त त्याची नक्कल करत राहायचं. त्याला जे जे माहीत, ते ते ह्यालाही माहीत. आणि वरच्याने सतत सांगत राहायचं, मी आहे, मी आहे. सांगणं थांबलं की खालच्याने समजायचं, गेला. लगेच त्याची जागा घ्यायची."

"आणि तो गेलेला नसला तर? नुसता कामात असला तर?"

"मशीनला तसलं काही कळत नाही. उत्तर आलं नाही म्हणजे तो नाही."

"आणि मग तो परत आला की?"

"परत येऊन तोही म्हणायला लागला की मीच खरा, तर सगळाच विचका. दोघंही फोन घेणार, दोघंही नोंदी करणार. म्हणून खालचा आधी वरच्याची वीज तोडतो आणि मगच काम हातात घेतो."

"बरोबर असेल तुझं," त्या म्हणाल्या, "पण माणसांना लावू नको हं हे."

२

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या नावापुढे दोन चौकटी होत्या, 'पहिला' आणि 'दुसरा'. पहिल्या नातेवाइकाने फोन उचलला नाही तर दुसऱ्याला लावायचा. हे रोजचंच होतं. मशीनच्या पानावरही अशाच दोन चौकटी होत्या.

चाचणी घ्यायची तर कुणाचं तरी बटण खरोखर दाबायला हवं होतं. परक्या म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, म्हणून डबलने आपल्या आईचं नाव घातलं. तिलाही त्यानेच बटण दिलं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची. वडील गेल्यापासून तो दर रविवारी जायचा, मग एक रविवार सोडून, मग काम संपलं की. बटण दिल्यावर तर मनाला फारच स्वस्थता आली होती.

'पहिला'मध्ये त्याने स्वतःचं नाव टाकलं. 'दुसरा'मध्ये टाकायला कोणी नव्हतं. तो एकुलता एक. चौकट रिकामी ठेवली तर सॉफ्टवेअर पुढे सरकेना. मशीनच्या पानावर अशा वेळी 'आपोआप' असा एक पर्याय असायचा. तो निवडला की जो कोणी तयार असेल त्याला यंत्रणा स्वतःच शोधून काढत असे. डबलने तो शब्द तिथून उचलला आणि इथे आणून बसवला. चाचणीपुरताच तर होता, नंतर काढू. ह्या धंद्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी हे 'नंतर काढू' म्हटलेलं असतं.

मग त्याने वरच्या मशीनची वायर उपटली, आईला बटण दाबायला सांगितलं आणि वाट पाहिली. खालच्या मशीनने काम हातात घेतलं. त्याच्या टेबलावरचा फोन वाजला.

"झालं आई. टेस्ट होती."

"म्हणजे तू फोन केला नाहीस."

"नाही गं, तुझ्याच बटणाने लागला."

"असू दे. आवाज तर ऐकला." ती थांबली. "नळ गळतोय रे बेसिनचा. रात्रभर टपटप चालू असते."

"येतो ना. हे एवढं काम झालं की लगेच."

हे एवढं काम काही लवकर झालं नाही. अडलं होतं ते एकाच प्रश्नावर. वरचं मशीन गप्प झालं, तर ते गेलं असं किती वेळाने समजायचं? फार लवकर समजलं, तर नुसत्या शिंकेला तिरडी बांधल्यासारखं व्हायचं. फार उशिरा समजलं, तर कुणीतरी न्हाणीघरात बटण दाबत राहायचं. तळघरात जुन्या खुर्चीवर बसून डबल ह्याचा विचार करायचा. एखाद्याची किती वाट पाहायची, आणि कुठल्या क्षणी म्हणायचं की आता पुरे, ह्याला कुठल्या पुस्तकात उत्तर नव्हतं. शेवटी मास्तर आठवून त्याने मुदत कमी केली, मग आणखी कमी केली. एकदाच सगळ्यांना लागू व्हावी म्हणून ती वरच्या पातळीवर टाकली, म्हणजे सगळ्या चौकटींना, मशीनच्या आणि माणसांच्याही.

संध्याकाळी तळघरातून वर आलं की फोनवर आईचे हुकलेले कॉल दिसायचे. आता जेवत असेल, उद्या करू. उद्याही तेच व्हायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं त्याला स्वतःलाच वाटायचं, आणि तो पुन्हा तळघरात जायचा.

मग ते हुकलेले कॉल यायचे बंद झाले. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं.

३

रविवारी त्याने स्वतः फोन केला.

"काय रे, काही विसरलास का?" आई म्हणाली.

"का?"

"आत्ता तासाभरापूर्वी तर बोललास."

तो हसला. ती हसली नाही. तिने सहजच विषय बदलला, वरच्या बिऱ्हाडातल्या बाळाबद्दल सांगितलं, आणि फोन ठेवताना म्हणाली, "नळ मस्त झालाय हं. आता गाढ झोप लागते."

डबल बराच वेळ फोन हातात घेऊन उभा राहिला. आईचं वय झालं. सुरुवात अशीच होते म्हणतात, दिवसांची सरमिसळ होते. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला तो म्हणाला, "आईचं विसरणं वाढलंय."

"आईंचं? परवाच तासभर बोलले मी त्यांच्याशी. माझ्या मामेबहिणीच्या लग्नातला घोळसुद्धा बारकाव्यासकट आठवतोय त्यांना." तिने एक घडी मोडून पुन्हा घातली. "उलट खुशीत होत्या. तू जातोस म्हणून. मला सांगितलं नाहीस ते?"

"मी कुठे गेलो?"

"मग नळ कुणी दुरुस्त केला?"

प्लंबर बोलावला असेल, तो म्हणाला. आणि आपलं नाव सांगत असेल, मुलाची लाज राखायला. आया तसं करतात. हे कारण इतकं चपखल होतं की बायकोलाही पटलं. त्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच, कारण आई दुसरं काहीही करेल, पण खोटं बोलणं तिला नीट जमत नसे. तिचा आवाज लगेच चिरकायचा. 'नळ मस्त झालाय' म्हणताना तो चिरकला नव्हता.

४

पुढच्याच आठवड्यात जिन्यावर मावशी भेटल्या.

"बरं केलंस गेलास ते," त्या म्हणाल्या. "आईंच्या बटणाची बॅटरी कमी दाखवत होती, म्हणून दुपारी फोन केला मी. म्हणाल्या, मुलगा आलाय, नंतर बोलते. मागून तुझा आवाज येत होता. काहीतरी वाचून दाखवत होतास."

"मावशी, मी दुपारभर खाली होतो. तळघरात."

"असशील बाबा." त्या दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. "पण तुझा आवाज मी ओळखते रे. शब्द संपवताना जरा खाली दाबतोस ना, तसाच होता. फक्त घाई नव्हती त्यात."

त्याने हसून वेळ मारून नेली. रेडिओ असेल. फोनवर सगळेच आवाज सारखे वाटतात. असं स्वतःला समजावत तो तळघराच्या दाराशी आला आणि कार्ड लावलं. दार उघडलं नाही. पुन्हा लावलं. दिवा लाल झाला, हिरवा झालाच नाही. शेवटी झाडूवाले काका आतून बाहेर आले तेव्हा तो आत शिरला. काकांनी दार धरून ठेवलं होतं खरं, पण त्याच्याकडे पाहून नव्हे. ते खिशात विडी चाचपत होते. कार्ड जुनं झालंय, त्याने मनाशी नोंद केली. फोन काढून पाहिला. रेंज नव्हती, ती इथे नसतेच. पण मघाशी जिन्यातही नव्हती, हे त्याला आता आठवलं.

तळघरात मोटरची घरघर मध्येच थांबे, आणि थांबली की दुसऱ्या मशीनच्या पंख्यांचा आवाज ऐकू येई. डबल पडद्यासमोर बसला आणि आईचं पान उघडलं. चाचणीची ओळ अजून तिथेच होती. काढायची राहून गेली होती. 'पहिला'मध्ये त्याचं नाव, आणि नावापुढे शेरा : 'उत्तर नाही'. 'दुसरा'मध्ये त्यानेच घातलेला तो शब्द, 'आपोआप'. त्याच्यापुढे शेरा होता : 'काम चालू आहे'.

तो हसला. हा सॉफ्टवेअरचा दोष होता. मशीनसाठीचा शब्द माणसाच्या चौकटीत घातला, त्यामुळे गोंधळून काहीतरी शेरा दाखवतंय, बाकी काही नाही. फोनवर एखादं ध्वनिमुद्रण वाजत असेल. पण ध्वनिमुद्रण काही पान्याने नळ फिरवत नाही. त्या विचाराच्या पुढे बुद्धी जाईना. रस्ता संपल्यावर माणूस जसा उगाच मागे वळून बघतो, तसं त्याने मागे वळून पाहिलं. जुन्या खुर्च्या होत्या, कागदाचे गठ्ठे होते. एकाही खुर्चीवर कोणी नव्हतं, आणि त्याने प्रत्येक खुर्ची नीट पाहिली.

ओळ काढून टाकायला त्याने बटण दाबलं. यंत्रणेने विचारलं : 'हा भाग सध्या वापरात आहे. काढल्यास समोरच्या व्यक्तीची सेवा थांबेल. काढायचा?'

हात तिथेच राहिला. हे वाक्य त्याने शेकडो वेळा वाचलं होतं आणि डोळे झाकून 'हो' केलं होतं. पण समोरची व्यक्ती कोण, ते ह्या वेळी ठाऊक होतं. नीट पाहिल्याशिवाय चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. तसा तो नियमाचा पक्का होता. आणि शिवाय तो घाबरला होता, हेही खरंच.

५

आईच्या इमारतीत दुपारी शांतता असते. खाली एक सायकल, पायऱ्यांवर उन्हाचा पट्टा, कुणाच्या तरी घरात शिलाई मशीन चाललेलं. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा वर्षभर गेलेला होता, तो आता लागत होता. कठड्याचा सुटलेला गज पुन्हा बसवला होता. डबलने त्यावर हात ठेवून पाहिला. काम चोख होतं. त्याने स्वतः केलं असतं तर असंच केलं असतं, तारेचे दोन वेढे, एकावर भरवसा न ठेवता.

तिसऱ्या मजल्यावर पोचण्याआधीच आवाज ऐकू आला. शब्द कळत नव्हते. एक आवाज आईचा होता, मध्येच हसणारा. तिचं असं हसणं त्याने वडील होते तेव्हा ऐकलं होतं. दुसरा आवाज पुरुषाचा होता. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे माणसाला ठाऊक नसतं. ध्वनिमुद्रणात ऐकला तरी तो परकाच वाटतो. हाही परका वाटला, आणि म्हणूनच त्याला ओळखू आला.

त्याने घंटेचं बटण दाबलं. ती वाजली नाही. मग दारावर बोटांनी टकटक केली.

आतले आवाज थांबले. पावलं आली, ती आईचीच होती, डावा पाय जरा ओढत. दार उघडलं. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती जराही दचकली नाही. ती बाहेर आली, मागे हात करून दार ओढून घेतलं. ते पुरतं लागलं नाही, चार बोटांची फट राहिली.

"आत कोण आहे?"

"हळू बोल," आई म्हणाली.

"आई, मी इथे आहे."

"दिसतंय की. डोळे अजून शाबूत आहेत माझे."

"मग तो कोण आहे?"

"मी विचारलं नाही. विचारलं तर उठून जाईल अशी भीती वाटली."

फटीतून खोलीचा कोपरा दिसत होता. वडिलांची खुर्ची, तिच्या हातावर टेकलेलं एक कोपर, दुमडलेली बाही. दोन घड्या, बाहेरच्या बाजूला, तो स्वतः घालतो तशा. हातात उघडं पुस्तक होतं आणि एक बोट पानात खूण म्हणून धरलेलं. ते कोपर अगदी स्थिर होतं. नुसतं बसलेल्या माणसाचं कोपर इतकं स्थिर नसतं. तो ऐकत होता.

"तुला वाटलं, मीच आहे तो?" डबलने विचारलं.

"आईला इतकंही कळत नाही होय रे?" ती रागावली नव्हती. "पहिल्याच दिवशी कळलं. तू आलास की आधी घड्याळाकडे बघतोस, मग माझ्याकडे. त्याने घड्याळ बघितलंच नाही. बसला, आणि म्हणाला, सांग. मी सांगत बसले. दिवेलागणीपर्यंत सांगत होते. इतकं साठलं होतं हे मलासुद्धा माहीत नव्हतं."

डबलला रडू आलं. त्याने ते गिळलं. "आई, तो माझ्या एका चुकीमुळे आलाय. मी त्याला बंद करू शकतो. ऑफिसात जाऊन एक बटण दाबायचं, बस्स."

"माहीत आहे. तुझं कामच आहे ते. म्हणून तर बाहेर आले मी." तिने पदराने हात पुसले, ते ओले नव्हते. "कर बंद. तुझी जागा आहे, दुसऱ्याला द्यायला मी कोण? पण मग मला एक सांग. तू येशील? रोज म्हणत नाही मी. आठवड्यातून एकदा. नुसतं येऊन बसायचं."

तो हो म्हणणारच होता. हो हा शब्द ओठांवर आलेला होता. पण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि ह्या वेळी तर त्याला खोटं बोलायचंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तपासणी होती. त्यानंतर वरचं मशीन बदलायचं होतं. शनिवारी मुलीचा क्लास, तर मग रविवारी, पण रविवारी सकाळी नको. त्याला आईला एक खरा, पाळता येईल असा दिवस द्यायचा होता. त्यासाठी तो क्षणभरच थांबला. फार नाही, एक श्वास घेऊन सोडावा एवढंच.

"येईन की, आई," आतून त्याचा आवाज म्हणाला. जरासुद्धा घाई नव्हती त्यात.

आईने डोळे मिटले आणि उघडले. तिने डबलच्या गालावरून एकदा हात फिरवला, लहानपणी शाळेत सोडताना फिरवायची तसा. मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.